चारच दिवस

आमची अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! थोरली जाऊ डोळ्यांदेखत पांढरी पडत चालली होती आणि घरात कुणाला पत्ता नाही.

वलवणला आमच्या घरची रीत अशी, की कावळा शिवला की बाई तीन दिवस पडवीत. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की चुलीला मोकळी. पुढं अंगावर जात असलं तरी कुणी विचारायचं नाही. जाऊबाईंचं वीस-वीस दिवस जायचं. मला ठाऊक होतं, कारण ओढ्यावर धुणं धुवायला आम्ही दोघीच जायचो.

एकदा भाकरी थापता थापता त्या कोसळल्या. सासूबाई आम्हा दोघींना घेऊन लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. बाईंनी विचारलं, "पाळी किती दिवस असते?"

"चारच दिवस," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "आमच्यात समदं रीतीनं असतंय."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी न्हाणं झालं की पाळी संपली! जाऊबाईंनी मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर वीस दिवस पडवीत बसावं लागलं असतं, मग लेकरांना कोण बघणार? आणि मी? मी पदराचं टोक चावत उभी. रक्त वाढायचं औषध घेऊन आम्ही परत आलो.

दोन महिन्यांनी त्यांना उठवेना. बैलगाडीत घालून नेलं. सासूबाईंनी पुन्हा "चारच दिवस" म्हणताच माझा तोल सुटला.

"वीस दिस जातंय, बाई! फडकी मी बगितल्यात!"

बाईंनी त्याच दिवशी भूल देऊन पिशवी आतून खरवडली. आता म्हणे दुर्बीण घालून आत बघतात. तेव्हा सगळा हाताचा अंदाज. बोराएवढा मांसाचा मोड निघाला. तेवढ्यापायी जीव चालला होता.

रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होते. खरं सांगते, मनातून फुगले होते. वाटलं, आता चार गोड शब्द बोलतील.

त्यांनी वाटी बाजूला सारली.

"तुला समदं ठावं व्हतं की गं," त्या म्हणाल्या. "दोन म्हैनं मी रोज तुज्या तोंडाकडं बघत व्हते."