दहाचा जिरा बिस्किटचा पुडा

आमचं दुकान चाकणच्या रस्त्याला, कंपन्यांच्या बस थांबतात त्या नाक्यावर. दुकान सासऱ्यांचं. जमीन कंपनीत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ते उभं केलं आणि इतकी वर्षं नुसत्या अंदाजावर चालवलं. मी तीन वर्षं कंपनीत कंत्राटावर होते, फिरत्या शिफ्टला. लेक मला जागी अशी दिसायचीच नाही. मग समोर मोठा मार्ट उघडला, गिऱ्हाईक फुटायला लागलं, आणि मीच विषय काढला, की आबा, बिलाचं मशीन घेऊ, काय खपतं काय नाही ते कळेल, मी नोकरी सोडते नि दुकान बघते. आबांनी बराच वेळ कपाळ खाजवलं.

"दसऱ्यापातूर बघू," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर तू आपली कंपनीत जा."

झालं! तेव्हापासून तो दसरा माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरायला लागला.

मशीनचा रिपोर्ट रोज मोबाइलवर यायचा. चहाआधी मी तो उघडायची. रिपोर्ट म्हणत होता, दहाचा जिरा बिस्किटचा पुडा तुफान चाललाय. चिक्की, खारे शेंगदाणे, खारी यांना मात्र कुत्रं विचारत नाही. आबा दोनदा म्हणाले, दुपारच्या शिफ्टच्या माणसांना चिक्की लागते. मी त्यांना फटकारलं, अंदाजाचे दिवस गेले म्हणून. तोंड फार चालतं माझं, काय करू?

चिक्कीची बरणी रिकामी होताना मला दिसत होती, नाही असं नाही. पण मला वाटायचं, आबा ओळखीच्यांना फुकट वाटतात. त्यांचा हात सढळच. विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून मी गुपचूप चिक्की मागवणंच बंद केलं. शेंगदाणे, खारीही बंद. त्याऐवजी जिरा बिस्किटची खोकी आणली, छतापर्यंत थप्पी लागली.

आणि दुकान थंड पडत गेलं. बसमधून उतरलेली माणसं दारात यायची, बरण्यांकडे बघायची आणि रस्ता ओलांडून मार्टात जायची. घट बसले. देवीला हात जोडताना माझ्या मनात आरती कमी आणि खोकी जास्त होती. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं की मी उगाच खेकसायची.

दुपारी बस यायच्या वेळेला मी लेकीला आणायला बालवाडीत जायची, त्यामुळे ती गर्दी आबाच सांभाळायचे. एका दिवशी बालवाडीला सुट्टी होती, म्हणून मी दुकानातच होते. बस उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. एकानं उरलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली. आबांनी मशीनशेजारचा जिरा बिस्किटचा पुडा उचलला आणि स्कॅनरवर धरला. दुसऱ्यानं खारीचे दोन पुडे घेतले. आबांनी तोच बिस्किटचा पुडा दोनदा मारला. त्याला चिकटपट्टी लावलेली, आतल्या बिस्किटांचा पार भुगा झालेला.

बस जाईपर्यंत मी दात आवळून उभी राहिले. मग म्हणाले, "आबा, हे काय चालवलंय?"

ते गोंधळले. "तूच सांगितलंस की. बस सुटत असली की दहाचं काय बी असू दे, हाच पुडा मारायचा."

सांगितलं होतं. मशीन आलं त्या पहिल्याच दिवशी. हॉर्न वाजत होता, आबांना बारकोड सापडेना, म्हणून मीच तो पुडा चिकटपट्टी लावून त्यांच्या हातात दिला होता. तेवढ्या वेळेपुरता. मी विसरून गेले. त्यांनी इतके महिने इमानानं पाळलं, आणि मी त्या आकड्यांवर त्यांचीच चिक्की बंद केली.

मेले, आता कंपनी, एवढंच मनात आलं. तरी सांगून टाकलं. मी म्हणाले, चूक माझी आहे, आणि चिक्की तुम्ही फुकट वाटता असंही मला वाटलं होतं.

आबा खाली बघत पुड्याची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबत बसले.

"मशीन मला कुठं कळतंय," ते म्हणाले. "चुकलो तर तू गल्ल्यावरनं उठवशील, ह्या भ्यानं तू म्हणलीस तसंच करत आलो."

मला रडू आलं. मी कंपनीला घाबरत होते आणि हा माणूस इतके महिने मला घाबरत होता, स्वतःच्या दुकानात बसून. मी विचारलं, मग दसऱ्याचं काय?

"ते ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "आधी चिक्की मागव."

मी फोन हातात घेतला, पण चिक्कीवाल्याचा नंबर मी कधीच काढून टाकला होता. आबांनी तो तोंडपाठ सांगितला.