वाळवंटातले मासे आणि अप्पांचं नाक

उन्हाळ्यात ॲरिझोनाला जाऊ नका. आम्ही गेलो, कारण माझा धाकटा भाऊ निखिल तिथल्या वाळवंटात, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर मासे वाढवतो आणि त्याचं संशोधन बंद पडायच्या बेतात होतं. एका वाळवंटी देशाच्या अन्नखात्यातल्या बाई बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर तिकडे नोकरी, नाहीतर बॅग भरून नागपूर. "ताई, तू ये यार, मला टेन्शन आलंय," म्हणाला. एकटीच जाणार होते. पण माझे सासरे, अप्पा, आमच्या घरी प्लेनो शहरात कंटाळून रोज भारतात परतायचं तिकीट मागत होते. म्हटलं, चला तुम्हीही.

चुकलंच माझं! विमानात जे सुरू झाले, ते फिनिक्सला भाड्याच्या गाडीत बसलो तरी थांबेनात. "टाकीतल्या माशाला चिखलाचा वास येतो. आम्हा खाडीकाठच्यांना शिकवू नका." अप्पा पेणजवळच्या खारेपाटातले. जाणार असाल तर शहरातच पेट्रोल आणि पाणी भरून घ्या. हॉटेलं या दिवसांत स्वस्त मिळतात. का, ते गाडीबाहेर पाय ठेवला की कळतं.

निखिलच्या माशांच्या शेडमध्ये बाईंनी नेमकं अप्पांनाच विचारलं, "तुम्ही खाल हा मासा? आमच्याकडे बहुतेक अन्न जहाजानं येतं. उद्या जहाजं थांबली तर हाच आधार. पण आमचे म्हातारे टाकीतला मासा तोंडात घालत नाहीत."

निखिलचा चेहरा पडला. मी अप्पांकडे डोळे वटारले. ते टाकीवर वाकले होते.

"अरे, हा तर आपल्या खाडीतला जिताडा!"

"काका, बारामुंडी म्हणतात."

"गप रे. जिताडाच हा!" मग बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे घरामागच्या तळ्यात हा राखून ठेवतात. बोटी बंद असोत, काही असो, पाहुणा आला की जाळं टाकायचं. आमच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि तळ्याबद्दल विचारतच राहिल्या. जेवताना अप्पांनी भाजलेला तुकडा दोनदा मागून घेतला.

"मग वाटभर काय चाललं होतं?" परतताना मी विचारलं.

"तळं वेगळं, टाकी वेगळी."

मला स्टीअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं.

निखिलला नोकरी मिळाली. आनंद झाला, आणि तो आणखी लांब जाणार म्हणून रडूही आलं. अप्पांनी तिकिटाचं नाव काढलेलं नाही. रोज सकाळी ते आमच्या स्विमिंग पूलच्या काठाशी उभे असतात.

"सूनबाई, निखिलला विचार, यातलं क्लोरीन काढता येईल का?"