याडी

"अरे, आपला येडी गेला…" गेल्या महिन्यात कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मी लगेच विचारलं, "कधी?" कोण, असं विचारावंच लागलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आमच्यापैकी कुणीही वसराम हे नाव घेतलं नव्हतं. आणि ते दुसरं नाव त्याला मीच दिलं होतं. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही.

जवळा बाजारच्या अलीकडे आमचं गाव, गावामागच्या माळावर वसरामचा तांडा. पाचवीला तो आमच्या शाळेत आला. पहिल्याच आठवड्यात खो-खो खेळताना दगडावर आपटला, गुडघा फुटला आणि ओरडला, "याडी!" त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला ते माहीत होतं, तांड्यावरची माणसं आमच्या शेतात यायची. तरी मी ओरडलो, "बघा रे, सोताला येडी म्हणून राहिला!" सगळी पोरं हसली. एरवी वर्गात माझं कुणी ऐकत नसे, त्या दिवशी ऐकलं… दहावीपर्यंत तो येडीच राहिला.

नवा जिल्हा झाला, हिंगोलीत कचेऱ्या वाढल्या. त्यातल्या एकीत मी कारकून होतो, पुढं वसराम तिथंच शिपाई म्हणून लागला. पहिल्या दिवशी दारातच त्यानं माझा हात धरला. "गड्या, इथं तेवढं वसराम म्हन." मी व्हय म्हणालो. आणि दोन-चार दिवसांतच, सगळ्यांसमोर, सवयीनं तोंडातून गेलं. मग काय… "येडे, चहा सांग." "येडे, आज लुगडं काहून न्हाई नेसलं?" एकदा कुणीतरी त्याच्या टोपीला टिकली चिकटवली. तो दिवसभर तशीच टोपी घालून फिरला. कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

कोर्टात मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एक वकीलबाई होत्या. वसराम मला घेऊन त्यांच्याकडे गेला. "हा छळच आहे," बाई म्हणाल्या. "आधी तुमच्या साहेबांकडे तक्रार करू. पण कानानं ऐकलेलं सांगणारं कुणी आहे?" वसरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "याला येडी म्हणतात का?" रोज ज्यांच्या डब्यात माझा हात असायचा, ते सगळे समोर बसले होते. मी म्हणालो, "येडी न्हाई साहेब, याडी. त्यांच्या बोलीत आई."

"मग आईच म्हणतात ना? त्यात कसला अपमान?" साहेब हसले, सगळे हसले. तक्रार तिथंच संपली. आणखी वर जाता येईल, असं बाई सांगत होत्या, पण वसरामच नको म्हणाला. बाहेर आल्यावर मला एवढंच बोलला, "बराबर अर्थ सांगितलास गड्या." मग सेनगावकडे बदली मागून घेतली.

परवा तांड्यावर जाऊन आलो. शेजारच्या अंगणात लेकरं "याडी, याडी" करत आईच्या मागं पळत होती. वसरामच्या मुलीनं पाणी आणलं आणि आत पाहून म्हणाली, "आई, पाव्हणे आलेत." मी दचकलो. त्याची बायको म्हणाली, "यायनं लेकरांना कधी याडी म्हनू देलं न्हाई. काहून, ते बी सांगितलं न्हाई. तुमी तर शाळेपासूनचे…"

"न्हाई ठाऊक, वहिनी," मी म्हणालो.

निघताना कळलं, मुलगी रविवारची पुरवणी न चुकता वाचते. म्हणून हे इथं लिहिलं. त्या घरात याडी हा शब्द अजून कुणी उच्चारत नाही. आईला काय हाक मारायची, ते आता तिचं तिनं ठरवावं.