डॉक्टरकाकांच्या कादंबरीतला लेखनिक

कॅनडात मिल्टनला ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहायचे, त्या रिटायर्ड डॉक्टरकाकांचा मला मनापासून राग यायचा आणि तो अजून गेलेला नाही. त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं, आणि नेमकी त्याच सुमारास त्यांना प्राचीन रोमवर मराठीत कादंबरी लिहायची हुक्की आली. ते सांगणार, मी लॅपटॉपवर टाइप करणार. दर रविवारी दुपारी. कॉलेज, शिफ्ट आणि असाइनमेंट यांतून उरलेली माझी ती एकच दुपार होती, पण तेवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळत नव्हती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

कादंबरी तशी बरी होती, हे कबूल करायला जिवावर येतं. एक म्हातारा सिनेटर सम्राटाविरुद्ध कट रचतो. त्याची नजर अधू, म्हणून कटाची सगळी पत्रं त्याचा गुलाम लिहून घेतो. नवव्या प्रकरणात हा लेखनिक स्वतःच्या सुटकेच्या बदल्यात मालकाला सम्राटाच्या हवाली करतो.

मी विचारलं, इतकी वर्षं इमानाने राहिलेला माणूस एकदम असं का करेल? काका हसले.

"अगं, गुलामाला निष्ठा कसली? तुमच्यासारखंच. आम्ही इथे सेटल व्हायला आलो. यू पीपल जस्ट वॉन्ट द पीआर. इथे कायमचं राहायचं कार्ड हातात पडलं की कोण काका आणि कोण काकू."

काकूंनी चहा आणून ठेवला. दोन हिवाळे त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल केला होता, काकांची औषधं मी आणत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मान खाली घालून मी टाइप करत राहिले, पण ते सांगत होते ते नाही. माझ्या लेखनिकाला चाबकाने फोडून काढतात, तरी तो एक नाव सांगत नाही. फितूर होतो तो सिनेटरचा जुना दोस्त, रोज त्याच्याच पंगतीला जेवणारा.

पुढे हे निस्तरणं सोपं नव्हतं. काका दर वेळी मागचं पान वाचून दाखवायला लावत. मी त्यांची वाक्यं पाठ करून ठेवायचे आणि स्क्रीनवर भलतंच असताना तीच घडाघडा म्हणायचे. पुस्तक छापून आलं की त्यांना ते चारचौघांत ऐकावं लागेल आणि काही करता येणार नाही, एवढ्या एका आशेवर मी तो हिवाळा काढला.

पुण्याच्या प्रकाशकाला फाइल मीच पाठवली, आणि तिथून प्रती आल्या त्या काकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी भरलेल्या हॉलमध्ये काकूंनी माइकवर नववं प्रकरण वाचायला घेतलं. मी भिंतीला टेकून काकांचा चेहरा बघत होते. चाबूक खाऊनही लेखनिक गप्प राहिला, तेव्हा त्यांची मान किंचित वळली. आता हा माणूस उठेल आणि ओरडेल, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट बघत होते.

वाचन संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, सिनेटर कुणीही लिहील, पण डॉक्टर, त्या गुलामाचं मन फक्त तुम्ही ओळखलंत. टाळ्या थांबेनात. काकांनी हात जोडले आणि माइक मागून घेतला.

"हा लेखनिक लिहिताना मला फार यातना झाल्या," ते म्हणाले.

जेवणाच्या वेळी काकूंनी मला काकांसाठी पाणी घेऊन पाठवलं. माझी चाहूल त्यांना बरोबर कळली.

"तुझा गुलाम छान झालाय," ते हळूच म्हणाले. "पुढच्या संडेपासून दुसरी कादंबरी स्टार्ट करू."

मी ग्लास टेबलावर ठेवला, त्यांच्या हातापासून वीतभर लांब, आणि ते चाचपडत असताना तिथेच उभी राहिले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

दुसरी खोली अजून मिळाली नव्हती. रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन वर गेले.