दाजींचा पांढरा रुमाल

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतीकर्ज देणाऱ्या बँकेत सव्वीस वर्षं तपासनीस. कर्जातून घेतलेलं यंत्र माणसाकडे खरोखर आहे का आणि कसं आहे, हे जाऊन बघायचं, एवढंच काम. बँकेची जीप मी चालवतो. ही नोकरी त्यांनीच लावून दिली, आणि तसं ते मला विसरूही देत नाहीत.

तपासणीचं त्यांचं हत्यार एकच, पांढरा रुमाल. ताई रोज दोन रुमाल कडक इस्त्री करून देते. दाजी यंत्रावरून रुमाल फिरवतात आणि उजेडात धरतात. पांढरा राहिला तर ‘उत्तम’, मळला तर ‘खराब’. यंत्राचा नंबर मात्र ते अर्जावरूनच तक्त्यात उतरवतात, कारण यंत्रावरचा वाचायला वाकावं लागतं. या रुमालाचा त्यांना भारी अभिमान. नवे साहेब आले की ते तो असा झटकून काढतात, जणू आतून कबुतर निघणार आहे.

त्या वर्षी बँकेला शेती आधुनिक करायची घाई सुटली होती. व्याज कमी, त्यामुळे ज्याला त्याला मळणी यंत्र. पिठाच्या गिरणीवाल्यानंही घेतलं. त्याची जमीन केव्हापासून दुसराच कसत होता, पण स्वस्तात मिळतंय तर कोण सोडतो? यंत्र कारखान्यातून आलं तसं प्लास्टिकमध्ये उभं होतं, आणि वर एक तुरेवाली लाल कोंबडी ऐसपैस बसली होती. दाजींनी तिला हाकललं, प्लास्टिकचा कोपरा उचलला, रुमाल फिरवला.

“वा! याला म्हणतात निगा,” ते म्हणाले. शेरा पडला, उत्तम.

तिथून चार घरं पुढे मळणीवाल्या बाई राहतात. त्यांचं यंत्र त्याच कंपनीचं, त्याच महिन्यात घेतलेलं. पण बाईंनी त्यावर स्वतःचं पीक काढून वर आसपासच्या चाळीस शेतांची मळणी केली होती. हप्ता एकही चुकलेला नव्हता. रंग उडालेला, पत्रा एका बाजूनं चेपलेला, वंगण ओघळलेलं. रुमाल काळाकुट्ट झाला, आणि पाठोपाठ दाजींचं तोंडही.

“बाई, हे काय करून ठेवलंत?”

“काम केलं, साहेब.”

“स्थिती खराब. दुसऱ्या यंत्राचं कर्ज मिळणार नाही.”

दुसरं यंत्र धान्य वाळवायचं होतं. मागच्या हंगामात त्यांचं निम्मं धान्य ओलं राहून बुरशीनं गेलं होतं. यंदा कापणीला तीन आठवडे उरले होते. तोवर यंत्र आलं नाही, तर पुन्हा तेच होणार होतं.

“चालवून दाखवते ना, साहेब. आवाज तरी ऐका!”

“चालतं की नाही, असा रकानाच नाही तक्त्यात. स्वच्छ करा आणि पुन्हा अर्ज करा.”

मला दाजींचा संताप आला. पण स्वतःच्या पोटावर पाय नको, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. त्याची अजून लाज वाटते.

आठवड्यानं बाईंचा अर्ज पुन्हा आला. आम्ही गेलो, तर अंगणात मळणी यंत्र, प्लास्टिकमध्ये, नवंकोरं. वर तीच तुरेवाली लाल कोंबडी. तिचं घरच इकडे हललं, तशी तीही बिऱ्हाड हलवून आली असणार. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी आभाळाकडे. दाजींनी कोंबडीला दुसऱ्यांदा हाकललं आणि रुमाल फिरवला. पांढराशुभ्र! गोठ्यामागे मात्र कसली तरी धडधड चालू होती.

“हा आवाज कसला?” दाजींनी विचारलं.

“गिरणीवाल्याचं यंत्र आहे. कुणाचं तरी लवकरचं पीक आलंय, त्याची मळणी चाललीय.”

दाजी हळहळले. “बघा, आठ दिवसांत तो बिघडला आणि तुम्ही सुधारलात!”

“तुमचीच शिकवण, साहेब,” बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

दाजींनी ‘उत्तम’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. परतताना म्हणाले, “लोकांना जरा दटावलं की लोक सुधारतात बघ.” मी जीप कशीबशी रस्त्यावर ठेवली.

कापणीच्या चार दिवस आधी वाळवणी यंत्र आलं. पोच घ्यायला मी एकटाच गेलो होतो. कंपनीचा माणूस वरचं प्लास्टिक फाडणार, तोच बाई आतून धावत आल्या.

“अहो, फाडू नका! गाठी सोडवा. तपासणीला लागेल ते.”

प्लास्टिक पुसून, चौघडी घालून त्यांनी बँकेच्या कागदांसोबत ट्रंकेत ठेवलं. मग बाहेर येऊन यंत्र चालू केलं.