दहा मिनिटांची रेघ

आधी भोरच्या मॅडमांचं सांगते, मग माझं. मी सातवीत शाळा सोडली, लग्न होऊन हिंगोलीकडून इथं वेल्ह्यात, राजगडाखालच्या पालीत आले आणि पुढं कितीतरी वर्षं ट्रेकवाल्यांच्या भाकरी थापल्या. कॉलेजातून रिटायर झालेल्या या मॅडमांनी मला कामाला घेतलं, वहीत वेळ टिपायला शिकवलं, आणि एकतिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्याशेजारी बसून भरून घेतला. हे उपकार सांगितल्याशिवाय पुढचं लिहायला हात उचलत नाही.

मॅडमांचं काम म्हणजे ऐकायचं. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यापाशी कुणी शहाणं राहत असेल आणि रेडिओवरून काही सांगत असेल, तर ते ऐकायचं. आमच्या खाचरांच्या वरच्या अंगाला डोंगर आडवा येतो, मोबाईलला रेंज नाही. आम्हाला त्याचा वैताग, त्यांना नेमकं तेच पाहिजे होतं, मोबाईलच्या लहरी ऐकण्यात घुसायला नकोत म्हणून. तिथं त्यांनी जाळीची मोठी छत्री उभी केली, जवळ पत्र्याची खोली बांधली. रेडिओला उजेडाचं वावडं नाही, त्यामुळं काम दिवसाढवळ्या चालायचं.

छत्री फिरवायची ती मी, हातानं, चाकाच्या दांड्यानं. दहा मिनिटं ताऱ्यावर, दहा मिनिटं बाजूला. ताऱ्यावर असताना खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ दिसली आणि बाजूला केल्यावर गेली, तर ती वरची. बाजूला करूनही राहिली, तर इथलीच कसली तरी. ताऱ्यावर असताना मला दांड्यापाशीच बसावं लागे, कारण तारा सरकतो, तशी छत्री थोडी थोडी सरकवायची. बाजूला असली की मी मोकळी. पाणी भरायचं, चूल बघायची.

वरच्या धनगरवाड्यातली काकी दूध घालायला यायची. रोज विचारायची, "काय गं, आला का वरल्यांचा सांगावा?"

"न्हाई काकी."

"येतोय कशाचा! हितं तालुक्याला अर्ज दिला तर उत्तर येत न्हाई, आन तुमी ताऱ्याकडनं मागताय."

मॅडमच सगळ्यात मोठ्यानं हसायच्या.

नियम एकच होता. मोबाईल खाली गावात ठेवून यायचं. तो मी पाळला. पण माझ्याकडं चिप घालून वाजवायचा एक छोटा स्पीकर होता. माझी आई फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. म्हणून भावानं तिला न कळता तिचं घरातलं बोलणं त्या चिपवर भरून दिलं होतं. कोंबड्यांना शिव्या, भाजीवालीशी घासाघीस, वडलांवर करवादणं. दांड्यापाशी बसले की ते मी हळू आवाजात लावायची. मॅडमांची "फिरव गं" अशी हाक यायच्या आधी बंद करायची, नाहीतर ऐकू यायची नाही. तो काही मोबाईल नव्हे, नुसता वाजतो, त्यानं काय होणार, असं मला खरंच वाटलं होतं.

एका सकाळी मॅडम खोलीतून पळत आल्या. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर बारीक सरळ रेघ होती. छत्री बाजूला केली, गेली. परत आणली, आली. पाच वेळा तसंच. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्या दिवशी त्यांनी जेवण तसंच ठेवलं. मग शांत होऊन विचारलं, "तुझ्याजवळ काही चालू नव्हतं ना? मोबाईल, घड्याळ, काहीही?"

स्पीकर माझ्या कमरेच्या पिशवीतच होता. मी म्हटलं, "न्हाई मॅडम."

मला तेव्हाच शंका आली होती. छत्री ताऱ्यावर असली की माझा स्पीकर चालू, बाजूला केली की बंद, आणि रेघही तशीच. पण खरं सांगितलं तर काम जाईल, परीक्षा जाईल, घरी सासूबाई म्हणतील, 'बघ, म्हटलं नव्हतं?' या भीतीनं तोंडातून खोटंच गेलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर घरी ठेवला. रेघ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता मला नक्की कळलं होतं, तरी मी गप्प. मॅडमांनी छत्रीच्या तारा पुसल्या, जोड सोडून परत आवळले, गुडघे दुखत असून शिडीवर चढल्या, आणि शिडी मी धरली. पुण्यात त्यांच्यासारखंच ऐकणारी सात-आठ माणसं आहेत. त्यांना त्यांनी कळवलं होतं, ती रविवारी यायची होती. रविवारनंतर जगभर कळवायचं ठरलं होतं.

शनिवारी काकी दूध घेऊन आली आणि मॅडमांदेखत म्हणाली, "काय गं, तुझ्या आईचा डबा दोन-तीन दिस झालं वाजंना? बिघडला व्हय? लई ग्वाड बोलती बया, कोंबड्यास्नी."

मॅडमांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

मी घरून स्पीकर आणला. दांड्यापाशी लावला. खोलीत पडद्यावर रेघ उभी राहिली. बंद केला, गेली. नुसतं वाजणाऱ्या यंत्रातूनही बारीक लहरी निघतात, हे मला तेव्हा कळलं. मॅडमांनी मला तो परत लावायला सांगितला आणि उभ्या उभ्या माझ्या आईचं करवादणं शेवटपर्यंत ऐकलं. मग खाली गावात उतरून पुण्याला फोन लावला. मी मागं उभी होते.

"येऊ नका. रेघ इथलीच निघाली. तपासण्यात मी कमी पडले."

पलीकडचा माणूस हसला. ते हसू मला फोनच्या बाहेर ऐकू आलं. इतकी वर्षं कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला तो म्हणाला, "अहो, एवढं साधं बघायचं असतं पहिल्यांदा." मॅडम म्हणाल्या, "हो, बरोबर आहे तुमचं." माझा विषय त्यांनी काढला नाही. सोमवारी मला बीजगणिताचं पुस्तकही आणून दिलं. मी ते घेतलं, पण वर बघू शकले नाही.

अजून आम्ही दहा मिनिटं ताऱ्यावर, दहा मिनिटं बाजूला करतो. मॅडमांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि मला तेच जास्त लागतं. एक दिवस मी स्वतः पुण्याला जाऊन त्या सगळ्या माणसांसमोर उभी राहणार आहे. रेघ माझ्यामुळं आली होती, मॅडमांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते, असं माझ्या तोंडानं सांगणार आहे. दहावी पास झाले तरी सांगेन, नापास झाले तरी सांगेन.