आज भिंतीवर समुद्र लावला

मंडळी, आज घरी एक फोटो आला. आपल्या रत्नागिरीतलीच एक मुलगी स्वतः फोटो काढून, चांगल्या कागदावर छापून, फ्रेम करून विकते. तिच्याकडून घेतला. आरे-वारेचा किनारा, पूर्ण ओहोटी, लांबवर ओली वाळू. माणूस एकही नाही.

स्कूटरवरून ती स्वतःच घेऊन आली. म्हणाली, "काका, हा कोणी घेतच नव्हतं. सगळ्यांना सूर्यास्त हवा असतो." निघताना विचारलं, "लावायला घरात कोणी आहे ना?"

"आहे की," मी बोलून गेलो. आमच्या हिला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा जहाजावर असतो.

खिळा ठोकून फोटो अडकवला. मागे येऊन बघितलं, तर उजवीकडे कललेला. सरळ केला, तर डावीकडे. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी स्टुलावरच बसलो. "जरा वर... हां, बस" एवढं म्हणणारं माणूस घरात नाही, हे आज फार लागलं.

तासाभराने तिला फोन केला. "मघाशी खोटं बोललो गो. घरात कोणी नाही."

ती म्हणाली, "काका, चहा टाका. येते."

आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "डावीकडून अर्धं बोट वर." दोन मिनिटांचं काम. चहा मात्र आम्ही अर्धा तास पीत बसलो.

आता ती गेली आहे आणि घर पुन्हा शांत आहे.

इथे एकटं राहणारं आणखी कोणी असेल, तर सांगा: "घरात कोणी नाही" हे तुम्हाला सहज सांगता येतं का?